घाटाच्या पायथ्याशी

दिवाळीची सुट्टी लागली, की अंबरनाथ-बदलापूरच्या घराघरांपुढे पहाटेच मोटारींची बॉनेटे उघडलेली दिसतात. कोणी पाणी पाहतो, कोणी तेल पाहतो, कोणी चाकाला लाथ मारून हवा अजमावतो. (ही परीक्षा कोणत्या शास्त्रात सांगितली आहे, कोण जाणे!) ही धांदल मोटारीबरोबर आली असे मात्र समजू नये. उल्हास नदीचे हे खोरे म्हणजे सह्याद्रीच्या भिंतीचा उंबरठा. घाट चढायचा, तर वाहनाची विचारपूस करायची ती इथेच.

बदलापूरचे नावच पाहा ना. शिवरायांच्या फौजा सुरतेच्या वाटेवर इथे घोडे बदलीत, म्हणून गावाला बदलापूर म्हणू लागले, असे जुनी माणसे सांगतात. कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली १६५७ साली, आणि सुरतेवरच्या दोन स्वाऱ्या १६६४ व १६७० सालच्या. नावावरून बेतलेल्या कथांवर इतिहासाने भार टाकू नये, हे खरे. परंतु ही कथा ज्याने प्रथम सांगितली त्याला प्रवास ठाऊक होता, एवढे खचित! दमलेला घोडा पुढे दामटणारा स्वार अखेर पायीच चालतो. नाल ढिली आहे का, खोगिराखाली पाठ सोलली आहे का, हे निघण्याआधी पाहायचे. अर्ध्या वाटेत पाहून काय उपयोग?

बैलगाडीचेही तेच. कण्याला वंगण हवे, म्हणून एरंडेलाचे नळकांडे गाडीला टांगलेले असे. उन्हाळ्यात लाकूड आकसून चाकावरची लोखंडी धाव सैल झाली, तर गाडीवान चाक पाण्यात भिजत ठेवी. लाकूड फुगे आणि धाव घट्ट बसे. पण बोरघाटात गाडीचा इलाज चालत नसे. तिथे माल चढे तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. गाडीचा चांगला रस्ता झाला तो १८३० साली, गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत.

मग आगगाडी आली. १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये बदलापुरावरून खोपोलीपर्यंत गेली. पुढे घाट आडवा! तो चढायला १८६३ साल उजाडले. सदतीस फुटांत एक फूट चढ. एवढ्या चढावर भरलेली गाडी एकट्या इंजिनाला कशी रेटावी? म्हणून कर्जतला मागून इंजिने जोडू लागले. घोडे बदलण्याचीच ही दुसरी तऱ्हा.

याच खोऱ्यात असेही प्रवासी आले, ज्यांना तयारीला वेळच मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धातला कल्याणजवळचा लष्करी तळ फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाला. घर, दुकान, गणगोत मागे टाकून, हाती लागेल तेवढे घेऊन ती माणसे आली. १९४९ साली या छावणीचे नाव उल्हासनगर झाले. परतीचा प्रवास नव्हताच. तेव्हा त्यांनी बराकींतच दुकाने थाटली.

मोटारींचा जमाना आला, तेव्हा घाट पुन्हा परीक्षक झाला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या फियाट गाड्या मध्यमवर्गाच्या दारी आल्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढे. वेग नाही म्हणून वारा नाही आणि इंजिन तर तापलेले. रेडिएटरमधून वाफ निघू लागली, की चाकामागे दगड लावून सगळे कुटुंब खाली उतरे. म्हणून निघताना समोर पाण्याची किरमिची पिशवी टांगायची, जादा फॅनबेल्ट घ्यायचा, स्टेपनीची हवा पाहायची. उकळत्या रेडिएटरचे झाकण घाईने उघडून हात पोळून घेतलेला एखादा काका प्रत्येक घराण्यात असायचाच!

२००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि पिशवी माळ्यावर गेली. आता गाडी क्वचितच तापते, म्हणून बॉनेट उघडण्याचाही कंटाळा येतो. धोका मात्र चाकांत येऊन बसला आहे. हवा कमी असलेला टायर वेगाने धावताना पुन्हा पुन्हा दबतो, आतून तापतो आणि फुटतो. आणि त्या वेगात चाकामागे दगड लावायला कोणी उतरू शकत नाही. हवा पाहायची ती टायर थंड असताना, पंपावर काट्याने मोजून, स्टेपनीसकट. गाडी फराळाच्या डब्यांनी आणि माणसांनी भरली असेल, तर पुस्तिकेत भरल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा दिलेला असतो, तो पाहावा.