कांचन उघडताना

1986चा डिसेंबर. चंदीगडच्या सेक्टर 17मध्ये, नीलम टॉकीजजवळच्या व्हरांड्यात तुम्ही उभे आहात. काँक्रीटचे उघडे खांब गारठलेत. पुण्याहून घालून आलेला स्वेटर इथं अगदीच पुरत नाही. खिशातला मोबाइल मुका, त्यामुळे वेळ कळायला उरली विकत घ्यायच्या विचारानं बघत असलेली दोन मनगटी घड्याळं. दोन्ही पिवळीधमक, दोन्ही ऑटोमॅटिक.

कोपऱ्यातला घडीसाज पहिलं हातात घेतो आणि हसतो. "बाऊजी, ये तो दहेजवाली घडी है!"

एचएमटीचं कांचन. मुलीच्या बापानं जावयाच्या मनगटावर बांधायचं घड्याळ. गंमत बघा, इथून जवळच्या पिंजोरला एचएमटीचा मोठा कारखाना आहे, पण तिथं ट्रॅक्टर होतात. घड्याळं येतात बंगळूरसारख्या लांबच्या कारखान्यांतून. नाव कांचन, पण अंगावर सोन्याचा नुसता मुलामा. पट्टा घासतो तिथं, केसच्या चारी पायांकडं बघा. पिवळेपणा विरला असेल, तर घड्याळ खरंच वापरलेलं आहे. तेच मला आवडतं.

तो मागचं झाकण फिरवून काढतो आणि भिंग तुमच्याकडं सरकवतो. वर अर्धगोल, जड रोटर. हात हलला की तो फिरतो, दातेरी चाकांमधून डब्यातल्या स्प्रिंगला पीळ बसतो. दिवसभर हात हलवूनही स्प्रिंग तुटत का नाही? कारण तिचं बाहेरचं टोक डब्याला पक्कं जोडलेलंच नसतं. पीळ पुरा झाला की ते भिंतीवरून घसरतं. मला या यंत्रातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते. लोक मात्र माणकं मोजतात. यात 21 आहेत, आणि ती कृत्रिम, फिरत्या दांड्यांची झीज कमी करायला बसवलेली. दागिना म्हणून त्यांची किंमत शून्य.

आता दुसरं. डायलवर ओमेगा, केस जड. घडीसाज ते कानाजवळ हलवतो आणि तुमच्याही कानाशी धरतो. ठक. ठक. आतलं वजन पूर्ण फेरी मारत नाही; दोन्ही टोकांच्या स्प्रिंगांवर आपटून परत येतं. ओमेगाची ऑटोमॅटिकं 1943पासून काही वर्षं अशीच होती, पूर्ण फिरणारा रोटर नंतर आला. हातात घातलं की प्रत्येक ठोका मनगटाला कळतो.

झाकणाच्या आत तुम्ही स्त्रीच्या चेहऱ्याचा बारीक ठसा शोधता. त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये 18 कॅरेटच्या केसवर तो मारत. इथं नाही. "मशीन विलायती, केस अपने यहाँ का," घडीसाज म्हणतो. सोनं खरं असेलही, पण कुणा सराफानं घडवलेलं. डायलही नव्यानं रंगवलेलं; अक्षरांच्या कडा जाड आहेत. तुम्ही याला यंत्र आणि केसची अस्सल जोडी समजून पैसे मोजणार होतात. ते खिशातच ठेवा.

पुढच्याच वर्षी टायटनची क्वार्ट्झ घड्याळं बाजारात येतील. 2016मध्ये एचएमटीची घड्याळं बंद करायचा निर्णय होईल. घडीसाजाला यातलं काही सांगू नका, चहा मागवलाय त्यानं.

आणि परत आल्यावर एक करा. वडिलांचं कांचन कपाटात पडलं असेल, तर हलवून चालतंय का ते बघू नका. इतक्या वर्षांत आतलं तेल वाळलेलं असतं, कोरड्या दांड्या झिजतात. आधी तेलपाणी करून घ्या.