केंटकी आणि व्हर्जिनिया ठराव

केंटकी आणि व्हर्जिनिया ठराव हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील केंटकी व व्हर्जिनिया या राज्यांच्या विधिमंडळांनी १७९८ व १७९९ मध्ये संमत केलेले राजकीय ठराव होत. संघ सरकारने राज्यघटनेने दिलेल्या अधिकारांची मर्यादा ओलांडल्यास राज्यांनी काय करावे, हा त्यांचा मुख्य विषय होता.

पार्श्वभूमी

फ्रान्सशी युद्धाची शक्यता निर्माण झाली असताना फेडरलिस्ट पक्षाचे बहुमत असलेल्या काँग्रेसने १७९८ मध्ये परकीय नागरिक व राजद्रोह यांसंबंधी चार कायदे केले. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी त्यांवर स्वाक्षरी केली. धोकादायक वाटणाऱ्या परकीय व्यक्तीला शांततेच्या काळातही देशाबाहेर घालवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाला. राजद्रोहाच्या कायद्यानुसार सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे व द्वेषमूलक लिखाण करणाऱ्यास २,००० डॉलरपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत असे. विरोधी पक्षाचे नेते थॉमस जेफरसन हे उपराष्ट्राध्यक्ष होते. त्या पदाला मात्र या कायद्याचे संरक्षण नव्हते. व्हरमाँटमधील विरोधी प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना चार महिन्यांचा कारावास झाला. तुरुंगात असतानाच ते पुन्हा निवडून आले.

ठरावांचा आशय

केंटकीच्या ठरावाचा मसुदा जेफरसन यांनी, तर व्हर्जिनियाच्या ठरावाचा जेम्स मॅडिसन यांनी तयार केला. दोघांचीही नावे त्या वेळी गुप्त ठेवण्यात आली. केंटकीत जॉन ब्रेकिनरिज यांनी, तर व्हर्जिनियात जॉन टेलर यांनी ठराव मांडले.

राज्यघटना हा राज्यांमधील करार असून संघ सरकारला दिलेले अधिकार मर्यादित आहेत, अशी दोन्ही ठरावांची भूमिका होती. दहाव्या घटनादुरुस्तीनुसार उरलेले अधिकार राज्यांचे किंवा जनतेचे आहेत, याकडे केंटकीने लक्ष वेधले आणि अधिकारांबाहेरील कायदे शून्यवत असल्याचे म्हटले. अशा वेळी राज्यांनी मध्ये उभे राहून अन्यायाला अटकाव करावा, असे व्हर्जिनियाने म्हटले. असे कायदे राज्यांनी निष्प्रभ ठरवणे हाच योग्य उपाय आहे, अशी भाषा केंटकीच्या १७९९ च्या ठरावात आली. तथापि त्याच ठरावात संघराज्याचे कायदे पाळण्याची ग्वाहीही होती.

प्रतिक्रिया व परिणाम

इतर कोणत्याही राज्याने या भूमिकेला पाठिंबा दिला नाही. कायद्याची घटनात्मकता ठरवणे हे न्यायालयांचे काम आहे, असे उत्तर काही उत्तरेकडील राज्यांनी दिले. मॅडिसन यांनी १८०० च्या अहवालात खुलासा केला, की असे ठराव हे मतप्रदर्शन असून त्यांना न्यायालयीन निर्णयासारखे बळ नसते. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन विजयी झाले. राजद्रोहाच्या कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ रोजी संपली आणि शिक्षा झालेल्यांना जेफरसन यांनी माफी दिली.

वारसा

दक्षिण कॅरोलायनाने १८३२ मध्ये संघाचे आयात शुल्क आपल्या हद्दीत निरर्थक ठरवताना या ठरावांचा आधार घेतला. मॅडिसन यांनी त्याला विरोध केला. शाळांमधील वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालाविरुद्ध व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १९५६ मध्ये पुन्हा हाच युक्तिवाद केला. राज्यांना असा निकाल झुगारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये स्पष्ट केले. १९६४ मध्ये त्याच न्यायालयाने वृत्तपत्रस्वातंत्र्याचे समर्थन करताना राजद्रोहाच्या कायद्यावरील मॅडिसन यांच्या टीकेचा आधार घेतला. त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या रक्षणासाठी मांडलेला हाच विचार पुढे वंशभेदाच्या समर्थनार्थही वापरला गेला, हे या ठरावांच्या इतिहासाचे वैशिष्ट्य ठरते.