काठ मोडू नका, काठावरचं काम हलवा



पाण्याच्या काठावर माणूस काय बांधतो आणि त्याचा पाण्यावर काय परिणाम होतो, हा आजचा विषय. सुरुवात थोडी लांबून करू. अमेरिकेतल्या फ्लोरिडात खाडीकाठच्या कित्येक घरांपुढं होडी बांधायला स्वतःचा लाकडी धक्का असतो. धक्क्याची सावली पाण्यात पडते. त्या सावलीत समुद्रगवत मरतं आणि गवत गेलं की त्यात वाढणारी माशांची पिल्लंही जातात. यावर उपाय म्हणून धक्के पाडायला सांगितलं नाही. गवतावरून जाणारा धक्का साधारण ४ फुटांहून रुंद नको आणि भरतीच्या पाण्यापासून ५ फूट उंच हवा, अशी मार्गदर्शक तत्त्वं केली. का? तर खाली ऊन पोचावं म्हणून.

आपल्या शिवाजी पेठेत असे धक्के नाहीत, पण घाट आहेत. पेठेला लागून रंकाळा आहे. आणि काठाचा प्रश्न आपल्याकडं फ्लोरिडाच्या कितीतरी आधीपासून आहे.

तो कसा सोडवू नये, हे बघायला लांब जायला नको. आपलं गांधी मैदान म्हणजे पूर्वीचा वरुणतीर्थ तलाव. वरुणतीर्थ वेस हे नाव अजून पत्त्यात लिहितो, तलाव मात्र नाही. कपिलतीर्थाची भाजी मंडई झाली, रावणेश्वर तलावाच्या जागी शाहू स्टेडियम आलं. तळं बुजलं म्हणजे त्याचा काठ सांभाळायचा प्रश्नही मिटला, असं वाटतं. पण जमिनीचा उतार बदलत नाही. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचतंच. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही.

आता दुसरी रीत बघा. रंकाळ्याची ‘धुण्याची चावी’ सगळ्यांना ठाऊक आहे. संस्थानकाळातल्या या सोयीमागचा विचार साधा आहे. धुणं तर धुवावंच लागणार. मग माणूस तलावात उतरण्यापेक्षा तलावाचं पाणी चावीवाटे बाहेर आणायचं आणि धुणं तिथं धुवायचं. साबणाचं पाणी परत तलावात जात नाही. कुणाला हाकललं नाही, कुणावर पहारा बसवला नाही. काम तेच, जागा तेवढी बदलली.

गणपती विसर्जनात अलीकडं हेच झालं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१० साली काढली, २०२० मध्ये सुधारली. पंचगंगेचा घाट आणि रंकाळा यांच्याऐवजी विसर्जन इराणी खणीकडं वळवलं. खण म्हणजे दगड काढून पडलेला खड्डा, तलावापासून वेगळा. मिरवणूक राहिली, आरती राहिली. अर्थात खणीत सोडलं म्हणजे संपलं असं नाही. प्लास्टर विरघळत नाही, त्या मूर्ती पुन्हा बाहेर काढाव्याच लागतात.

या दोन्ही गोष्टींत माणसांनी आपली सवय वळवली. सांडपाण्याला मात्र सवय नसते, त्याला पाइपच लागतो. वरच्या वस्त्यांचं पाणी नाल्यांतून रंकाळ्यात आलं, त्यावर केंदाळ माजलं. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळा आला, तो ही अवस्था झाल्यावर. धुणं बाहेर नेलं त्याच तलावात मैला आत आला, हा आपल्या शहराच्या इतिहासातला मोठा विरोधाभास आहे.

आणखी एक सांगतो. सुशोभीकरण म्हटलं की आपल्याला दगडी कठडा आणि फरशी दिसते. बसायला ते बरं असतं. पण बेडकाला, पाणकोंबडीला उथळ, गवताळ काठ लागतो. सगळा काठ बांधून काढला तर तलावाची टाकी होते. थोडा काठ माणसांना द्या, थोडा तसाच राहू द्या.

काठावर नवं काही बांधायचा प्रस्ताव आला की म्हणून दोन प्रश्न विचारा. हे पाण्यातच बांधायला हवं का? आणि इथून निघणारी घाण कुठं जाणार? चावी बांधणाऱ्यांनी हे दोन्ही प्रश्न आधी सोडवले होते.