हललेल्या फोटोची कुळकथा

कॅमेरा क्लबच्या स्पर्धेत एखादा फोटो बाद करायला परीक्षकाला दोन शब्द पुरतात: "फोटो हललाय." माणसाचा पाय पुसट आला, पावसाच्या रेघा उमटल्या, छत्री वाऱ्याने उलटताना विरघळल्यासारखी दिसली, की या दोन शब्दांवर निकाल लागतो. मग स्पष्ट, कोरीव, थिजलेले फोटो पुढच्या फेरीत जातात. मला हा निकाल फार घाईचा वाटतो. कॅमेरा क्लबांनी छायाचित्रणाला जे काही दिलं त्यात हललेल्या फोटोचा मान मोठा आहे, आणि तो मिळवून देणारे लोक क्लबातलेच, हौशी होते.

सुरुवातीला तर हालचाल फोटोत येतच नव्हती. १८३८ मध्ये लुई दागेरने पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचा फोटो वरच्या खिडकीतून घेतला. रस्ता वर्दळीचा, पण चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर उजेड पडू द्यायचा तो काही मिनिटं. तेवढ्या वेळात घोडागाड्या आल्या-गेल्या, माणसं चालून गेली, आणि कुणाचीच खूण राहिली नाही. उरली ती कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणाऱ्या एका माणसाची आकृती, कारण तो पाय वर ठेवून जागचा हलला नव्हता. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून त्याची ओळख आहे. चालणाऱ्यांना अजून बराच अवकाश होता.

गती हाच विषय घेऊन मुद्दाम फोटो काढणाऱ्या पहिल्या काही जणांत जॉन डिल्विन लुएलिन येतो. वेल्समध्ये स्वान्सी शहराजवळ त्याची मोठी जमीनजुमल्याची इस्टेट होती. त्याची बायको एमा ही कागदी निगेटिव्हचा जनक हेन्री फॉक्स टॉलबॉट याची मावसबहीण, त्यामुळे हा नाद घरातच आला. फोटो विकून पोट भरायचं नव्हतं, आणि मला वाटतं हीच त्याची मोठी सोय होती. धंदेवाईक फोटोग्राफर गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवून मानेमागे टेकू लावत असे. हलला तर पैसे बुडाले. लुएलिनचं काहीच बुडणार नव्हतं. तो कॅसवेल बेच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांसमोर उभा राहिला, टेन्बीच्या बंदरात वाफेच्या बोटीचा धूर टिपू लागला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या 'मोशन' नावाच्या फोटोमालिकेला रौप्यपदक मिळालं. त्याची बहीण मेरीसुद्धा याच नादातली. बर्फाच्या बाहुल्याच्या अगदी पहिल्या फोटोंपैकी एक तिच्या नावावर आहे, १८५३ च्या सुमाराचा.

आरंभीचे गतीचे फोटो समुद्राचे का, हे समजून घेण्यासारखं आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली होती. काचेवर चिकट द्राव ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. त्यासाठी अंधाराचा तंबू बरोबर न्यावा लागे. ही काच निळ्या-जांभळ्या उजेडाला चटकन जागी होई आणि हिरव्या-तांबड्याला जवळजवळ आंधळी असे. समुद्रावर वरून आभाळाचा आणि खालून पाण्याचा उजेड मिळतो, तो काचेला मानवणाराच. शिवाय लाट लांब असली की काचेवर ती थोडीच सरकते. एवढी सवलत रस्त्यावर मिळत नव्हती.

पण याच निळ्या ओढीमुळे आभाळ पांढरंफटक पडे आणि ढग गायब होत. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच कलावंताने १८५६-५७ च्या सुमारास त्यावर उपाय काढला. समुद्रासाठी एक निगेटिव्ह, आभाळासाठी दुसरं, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्हींचा सांधा. सेत गावच्या किनाऱ्यावरची त्याची 'मोठी लाट' पाहताना लाट आणि ढग एकाच क्षणाचे नाहीत हे लक्षातही येत नाही. ढग एका काचेवर खरेखुरे येण्याची वाट १८७३ मध्ये बर्लिनच्या हेरमान फोगेलने मोकळी केली. काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं की तो हिरव्या उजेडालाही दाद देतो, हे त्याने दाखवलं. या फोगेलच्या हाताखाली पुढे एक अमेरिकन विद्यार्थी शिकला, त्याच्याकडे आता येऊ.

मधल्या काळात काच कोरडी झाली होती. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये जिलेटिनचा लेप सुचवला. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेटने तो लेप ऊब देऊन मुरवला की काच कितीतरी पट तेज होते हे सिद्ध केलं. तंबू गेला, तिवई गेली, कॅमेरा हातात आला. १८८८ मध्ये शंभर फोटोंचा रोल भरलेला कोडॅक बाजारात आला, तेव्हा क्लबातल्या जाणत्यांनी नाकं मुरडली. बटण दाबणाऱ्याला कला काय कळणार, असा एकूण सूर होता. त्या जाणत्यांत आल्फ्रेड स्टिग्लिट्झही होता.

फोगेलचा विद्यार्थी तो हाच. जन्म १८६४ चा, अमेरिकेतल्या होबोकनचा. बर्लिनला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि कॅमेऱ्यातच रमला. १८८७ मध्ये लंडनच्या 'अमॅच्युअर फोटोग्राफर' साप्ताहिकाच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं, परीक्षक होता पीटर हेन्री इमर्सन. न्यूयॉर्कला परतल्यावर तो तिथल्या हौशी फोटोग्राफरांच्या सोसायटीत गेला. आणि मग हाती धरायच्या कॅमेऱ्याला नावं ठेवणाऱ्या या माणसाने तसलाच चार बाय पाच इंची काचेचा एक कॅमेरा उचलला.

२२ फेब्रुवारी १८९३. वॉशिंग्टनचा जन्मदिवस, म्हणून सुट्टी, आणि न्यूयॉर्कवर बर्फाचं वादळ. फिफ्थ ॲव्हेन्यूवर पस्तिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर स्टिग्लिट्झ तीन तास उभा राहिला. त्याने चौकट आधी ठरवली: बर्फात चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, दोन्ही बाजूंच्या विरत गेलेल्या इमारती. मग त्या चौकटीत योग्य आकृती यायची वाट पाहिली. शेवटी एक घोडागाडी आली, गाडीवान चाबूक उगारून घोड्यांना पुढे हाकत होता. 'विंटर, फिफ्थ ॲव्हेन्यू' हा फोटो तो.

फोटो नीट पाहिला तर त्यातलं कसब कळतं. गाडी आडवी धावत नाही, सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येते. समोरून येणारी वस्तू काचेवर फारशी सरकत नाही, फक्त किंचित मोठी होते. म्हणून इतक्या मंद उजेडातही घोडे घोडेच राहिले. बर्फ मात्र तिरका पडत होता, त्याच्या खुणा सबंध फोटोवर पसरल्या. लांबच्या इमारतींवर बर्फाचे थर चढत जाऊन त्या फिकट होत गेल्या, आणि त्यातून रस्त्याची खोली आपोआप आली. वादळाने इथे फोटो बिघडवला नाही, रचला.

काच धुऊन ओली असतानाच त्याने ती सोसायटीतल्या मंडळींना दाखवली. पुसट आहे, टाकून दे, असं त्यांनी सांगितल्याची आठवण त्याने पुढे लिहून ठेवली आहे. त्याने टाकली नाही. निगेटिव्हचा नको तो भाग कापला, उरलेला मोठा केला आणि प्रदर्शनांत मांडला. १८९७ च्या एका फोटोग्राफी वार्षिकात त्याने हातातल्या कॅमेऱ्यावर लेख लिहिला. विषय आधी निवडा, रेषा आणि उजेड अभ्यासा, मग येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे लक्ष ठेवा आणि सगळं जुळून येईपर्यंत थांबा, असा त्याचा सल्ला होता. आपण निगेटिव्हचा सहसा एखादाच भाग वापरतो हेही त्याने उघड सांगितलं. यापेक्षा चांगला सल्ला रस्त्यावरच्या फोटोग्राफीला आजवर मिळालेला नाही, असं मला वाटतं. शटरचा वेग हा यंत्राचा गुण झाला. तीन तास बर्फात उभं राहणं हा माणसाचा.

१८९३ मध्येच त्याने 'द टर्मिनल' हा फोटो काढला. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर घोडे थांबलेत, गाडीवान त्यांच्यापाशी उभा आहे, खाली बर्फाचा चिखल, आणि तापलेल्या घोड्यांच्या अंगातून वाफा निघताहेत. थंडी किती होती हे त्या वाफांवरून कळतं. हवामान टिपायचं म्हणजे आभाळ टिपायचं असं नाही. ते अंगावर, कपड्यांवर, रस्त्यावर काय करतं ते टिपायचं, हे या फोटोने शिकवलं.

१८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन संस्था एकत्र येऊन कॅमेरा क्लब झाला. पुढच्या वर्षापासून स्टिग्लिट्झच्या संपादनाखाली 'कॅमेरा नोट्स' हे क्लबचं नियतकालिक निघू लागलं. या सुमारास पावसाळी रात्रीचं वेड दोन्ही खंडांत पसरलं. लंडनला पॉल मार्टिन या लाकडी ठसे कोरणाऱ्या कारागिराने १८९५-९६ च्या हिवाळ्यात गॅसदिव्यांच्या उजेडातलं लंडन टिपलं आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचं पदक मिळवलं. न्यूयॉर्कच्या क्लबातल्या विल्यम फ्रेझरने कोलंबस सर्कलची भिजलेली रात्र टिपली. स्टिग्लिट्झ १८९८ मध्ये न्यूमोनियातून उठत असतानाच गोठलेल्या रात्री बाहेर पडला.

पण या साऱ्या फोटोंत एक गोष्ट नाही. पडणारं बर्फ आहे, ओले रस्ते आहेत, पाण्यातली प्रतिबिंबं आहेत. पडणारा पाऊस क्वचितच आहे. कारण साध्या गणिताचं आहे. बर्फाचा भुरका सेकंदाला साधारण एक मीटर उतरतो, शिवाय तो पांढरा आणि दिसणारा. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास पडतो आणि तो पारदर्शक. सेकंदाचा पंचविसावा भाग शटर उघडं राहिलं तर बर्फ चार सेंटिमीटर सरकेल, थेंब छत्तीस. छत्तीस सेंटिमीटरभर पसरलेलं पारदर्शक पाणी काचेवर उमटणार तरी कसं? म्हणून त्या पिढीने पाऊस फरसबंदीवर पाहिला. थेंब हवेत दाखवायचा तर मागे अंधार हवा आणि उजेड थेंबाच्या पाठीमागून यायला हवा, हे तंत्र पुढे रुळलं.

चित्रकारांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. आपल्या पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रांत पाऊस पांढऱ्या बारीक रेघांनी आणि टिंबांनी येतो. जपानच्या हिरोशिगेने १८५७ मध्ये पुलावरच्या अचानक आलेल्या सरीचं चित्र केलं त्यात सरळसोट काळ्या रेघा आहेत. डोळ्यालाही पाऊस रेघांचाच दिसतो, कारण थेंब वेगळा पाहण्याइतकी आपली नजर चपळ नाही. शटर सेकंदाचा साठावा भाग ठेवलं तर थेंबाची पंधरा सेंटिमीटरची रेघ येते आणि फोटो पावसासारखा दिसतो. हजारावा भाग ठेवलं तर ती नऊ मिलिमीटरवर येते. तेव्हा हवेत काचेचे मणी अडकल्यासारखे दिसतात, ते देखणे असतात पण त्यांत सर नसते.

मुंबईचं नातं या कुळकथेशी फार जुनं आहे. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची, मुंबईची १८५४ ची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी आणि कुशल फोटोग्राफर. १८५६ पासून इथे हौशी फोटोग्राफरांचा अल्बमही निघत होता, भर मात्र माणसांचे पेहराव आणि वास्तू यांवर. ओल्या काचांच्या त्या काळात कोसळत्या पावसात कॅमेरा घेऊन उभं राहणं जवळपास अशक्यच होतं. आपल्याला तसं काही अडवत नाही. तरीही आपल्या क्लबांच्या भिंतींवर पावसाळा म्हणजे ताम्हिणीचे धबधबे आणि पानावरचा एक थेंब, एवढंच बहुधा दिसतं. सर, झड, भुरभुर, वावटळ यांचे वेगळे फोटो शोधावे लागतात.

तेव्हा येत्या पावसाळ्यात एक करा. फ्लॅश बंद ठेवा, तो जवळच्या थेंबांचे पांढरे ठिपके करतो. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, खिशात कोरडं फडकं ठेवा, एखाद्या आडोशाला उभं राहून समोरची चौकट आधी ठरवा. मागे काळं काहीतरी घ्या, ओली भिंत किंवा दाट झाड. शटर साठ किंवा तीस ठेवा आणि माणूस चौकटीत यायची वाट पाहा, जमलं तर समोरून येणारा. घरी येऊन फोटो पाहताना पाय पुसट दिसला म्हणून लगेच डिलीट करू नका, स्पर्धेला पाठवा. आणि परीक्षकांना विनंती: "फोटो हललाय" म्हणण्याआधी तो कशाने हललाय हे एकदा बघा. हाताने हलला असेल तर खुशाल बाद करा. वाऱ्यापावसाने हलला असेल तर ठेवा.