खुडूक कोंबडीला सुरक्षित जागी कसे हलवावे?

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून झाली की खुडूक होते, म्हणजे अंडी उबवण्यासाठी बसून राहते. काही भागांत 'कोंबडी रवणीला बसली' असेही म्हणतात. मात्र बसण्यासाठी ती स्वतः जी जागा निवडते, ती अनेकदा धोक्याची असते. गंजीच्या पोटात, लाकडांच्या ढिगामागे, कुंपणाच्या झुडपात बसलेली कोंबडी मुंगूस, घूस, साप, भटके कुत्रे यांच्या तोंडीच असते. खुडूक कोंबडी अंड्यांवरून सहज उठत नाही, त्यामुळे हल्ला झाल्यास अंड्यांसोबत तीही जाते. म्हणून तिला हलवणे गरजेचे ठरते. पण घाईने हलवले तर ती अंडी सोडून देते.

खरोखर खुडूक झाली आहे का?

कोंबडी दुपारी अर्धा तास खुराड्यात बसली म्हणजे ती खुडूक झाली असे नाही. खुडूक कोंबडी रात्रीही अंड्यांवरच राहते. हात पुढे केला की पिसे फुलवून चोच मारते, घशातून खुडखुड आवाज काढते. पोटाखालची पिसे गळालेली किंवा उपटलेली दिसतात. दिवसातून एखाद्या वेळी उठते तेव्हा मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. हा सारा बदल प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे होतो. लक्षणे दिसल्यावर दोन-तीन दिवस थांबावे. बैठक पक्की झालेली कोंबडी जागा बदलली तरी बहुधा बसते, कच्ची असताना हलवली तर उठून जाते.

व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जाती सहसा खुडूक होत नाहीत. वनराज, गिरिराज यांची अंडीही म्हणूनच गावठी कोंबडीखाली बसवतात. अंडी कोणाचीही असोत, कोंबडीला फरक पडत नाही.

नवी जागा आधी तयार ठेवा

जागा अंधारी, शांत, कोरडी आणि इतर कोंबड्यांपासून वेगळी हवी. वेगळी अशासाठी, की बाकीच्या कोंबड्या तिच्याच खाली रोज नवी अंडी घालतात. मग एकाच टोपलीत वेगवेगळ्या दिवसांची अंडी साठतात, आणि आधीची पिल्ले निघताच कोंबडी उरलेली सोडून देते. यावर साधा उपाय म्हणजे बसवलेल्या अंड्यांवर पेन्सिलीने खूण करणे. खूण नसलेले अंडे रोज काढून घ्यावे.

दीड फूट रुंदीची टोपली, जुने घमेले किंवा लाकडी खोका पुरतो. तळाला राख किंवा कोरडी माती, वर पेंढा, आणि मध्ये हाताने दाबून वाटीसारखा खोलगट आकार. खोलगटपणा नसेल तर अंडी कडेला घरंगळतात आणि गार पडतात. जुन्या जागेतला थोडा पेंढा स्वच्छ असेल तर इथे घालावा. उवा-पिसवा झालेल्या असतील तर मात्र जुने काहीही आणू नये, कारण त्यांच्या त्रासाने कोंबडी उठते.

दाराला कोंबड्यांची नेहमीची जाळी पुरेल असे समजू नका. तिच्या भोकांतून लहान साप आणि उंदीर आत येतात. अर्ध्या इंचाची किंवा त्याहून बारीक जाळी लावावी. खालून घूस उकरून येऊ नये म्हणून फरशी किंवा फळी हवी.

हलवण्याची वेळ: रात्र

अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही आणि ती निमूट राहते. मिणमिणता उजेड घेऊन जावे. दोन्ही हात पोटाखाली सरकवून आधी पंखांत किंवा पायांत अंडे अडकले आहे का ते चाचपावे. हे विसरले की उचलताना एखादे तरी फुटतेच. पंख अंगाशी धरून तिला उचलावे. पाय धरून उलटी नेऊ नये.

अंडी नुकतीच घातलेली, म्हणजे अजून उबवायला सुरुवात न झालेली असतील, तर पहिल्या रात्री नव्या जागी लाकडाची किंवा प्लास्टिकची खोटी अंडी ठेवावीत. दुसऱ्या रात्रीपर्यंत ती स्थिर बसली तर दहा-बारा खरी अंडी खाली सरकवावीत. पण उबवणे सुरू झालेले असेल तर एवढे थांबता येत नाही. तेव्हा अंडी फडक्यात गुंडाळून तिच्यासोबतच न्यावीत. पाच-दहा मिनिटांत काही बिघडत नाही, कारण ती स्वतःही रोज पंधरा-वीस मिनिटे उठतेच.

मग वर डालगे आणि त्यावर पोते टाकून अंधार करावा. काही घरांत विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात. त्याने अपाय नाही, पण पावसाचे पाणी टोपलीत न येणे जास्त महत्त्वाचे.

पुढचे दोन-तीन दिवस

दुसऱ्या दिवशी मोकळी सोडली की ती सरळ जुन्या जागी धावते. तिथला पेंढा आधीच काढून दगड किंवा फळी लावून ठेवावी. रोज एकदा दाणा-पाणी द्यावे, विष्ठा टाकू द्यावी, मातीत अंग घासू द्यावे. अर्ध्या तासात परत बसली नाही तर उचलून बसवावे. उठून गेलीच, तर अंडी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली ठेवता येतात, म्हणून शेजारी चौकशी करून ठेवलेली बरी.

सात-आठ दिवसांनी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरून पाहावे. लाल रेघांचे जाळे दिसले तर जीव आहे. स्वच्छ पारदर्शक दिसणारी अंडी काढून टाकावीत.

केव्हा हलवू नये

पिल्ले 21 दिवसांत निघतात. अठरावा दिवस उलटला असेल तर जागा बदलू नये. आत पिल्लू फुटून बाहेर येण्याच्या तयारीत असते, आणि कोंबडी उठली तर हातचे सगळे जाते. अशा वेळी ती आहे तिथेच बारीक जाळीचा पिंजरा उपडा घालावा, कडांना दगड लावावेत, वर पावसासाठी पत्रा टाकावा आणि कुत्र्याला तीन रात्री बांधून ठेवावे.