नेत्रांतून दिसणारी कवटी

मनुष्यदेहांतील सर्वांत दुर्गम प्रदेश कोणता, असें विचारल्यास शरीरशास्त्रज्ञ कवटीच्या तळाकडे बोट दाखवितील. वर मेंदूचा भार, खालीं नाकाच्या व घशाच्या पोकळ्या, आणि मध्यें हाडांच्या खांचाखोंचांतून वाट काढणारे मज्जातंतु. येथें वाढणारी गांठ हाताला लागत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिचा उलगडा बहुधा शवविच्छेदनाच्या वेळींच होई. पुढें मात्र तिची चाहूल एका अनपेक्षित ठिकाणीं लागूं लागली; तें ठिकाण म्हणजे रोग्याचा डोळा.

१८५१ सालीं हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें नेत्रदर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा अंतर्भाग वैद्यांना न्याहाळतां येऊं लागला. बर्लिनचे नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फॉन ग्राफे यांनीं १८६० सालीं दाखवून दिलें कीं, मेंदूंत गांठ असलेल्या रोग्यांच्या डोळ्यांत, दृष्टितंतु जेथें आंत शिरतो तेथें सूज आढळते. कवटी ही बंद पेटी. तींत दाब वाढला कीं त्याची खूण डोळ्याच्या मागील भिंतीवर उमटते.

पण सूज दाब सांगते, जागा सांगत नाहीं. जागेचा शोध दृष्टिक्षेत्राच्या तपासणींतून लागला. दोन्ही डोळ्यांचे दृष्टितंतु पिच्युइटरी ग्रंथीच्या वर एकत्र येतात आणि बाहेरच्या बाजूचें दृश्य वाहणारे धागे तेथें एकमेकांना ओलांडतात. ग्रंथीची गांठ वर चढली कीं याच धाग्यांवर दाब पडतो. रोग्याला समोरचें अक्षर वाचतां येतें, पण दोन्ही कडांचें जग मावळूं लागतें. टांग्याच्या घोड्याला झांपडें लावावीं, तशी त्याची अवस्था होते. कोपनहेगनचे ब्येरुम यांनीं १८८९ सालीं काळ्या पडद्यावर बारीक पांढरे ठिपके फिरवून असे लोप मोजण्याची रीत घालून दिली.

१९११ सालीं फॉस्टर केनेडी यांनीं आणखी एक खूण नोंदविली. मेंदूच्या पुढील भागाखालीं गांठ असल्यास त्या बाजूचा दृष्टितंतु दबून सुकतो, तर दुसऱ्या डोळ्यांत सूज येते. मात्र प्रत्येक खूण विश्वासार्ह नसते. एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसल्या, म्हणजे गांठ डोळा फिरविणाऱ्या मज्जातंतूलाच चिकटलेली असेल असें नव्हे. दूरच्या दाबानेंही तो तंतु लुळा पडतो, असा इशारा लंडनचे जेम्स कोलियर यांनीं १९०४ सालींच दिला होता.

निदान असें पुढें गेलें, तरी उपाय बराच काळ मागें राहिला. १९०७ सालीं इन्सब्रुक येथें श्लोफर यांनीं नाकाच्या वाटेनें पिच्युइटरीची गांठ काढण्याचा पहिला प्रयत्न केला. तो रोगी थोड्याच महिन्यांत दगावला. पुढें अमेरिकेंत हार्वे कुशिंग यांनीं ही शस्त्रक्रिया पुष्कळ सुरक्षित केली. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर दृष्टिक्षेत्राचे नकाशे काढण्यावर त्यांचा कटाक्ष असे. कारण रोग्याची दृष्टि वाचली कीं नाहीं, हें त्या नकाशावरूनच कळे.

१९७१ सालीं लंडनमध्यें हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें प्रथमच एका रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें, आणि आज चुंबकीय प्रतिमांत इवलीशी गांठही दिसते. तरीही जुन्या खुणांचें मोल कमी झालेलें नाहीं. त्या यंत्रापर्यंत रोग्याला पोंचवावें लागतें, आणि कडेची दृष्टि हळूहळू जात असतां ती गेल्याचें पुष्कळदां रोग्यालाच उमगत नाहीं. दाराच्या चौकटीवर खांदा आपटतो, शेजारून येणारा मनुष्य दचकवितो, आणि दोष चष्म्यावर ढकलला जातो. वेळीं गांठ निघाल्यास दृष्टि पुष्कळदां परत येते. दीर्घकाळ दबून सुकलेला तंतु मात्र बहुधा पुन्हां उजळत नाहीं. वैद्यानें रोग्यासमोर बसून, एक एक डोळा झांकून, बाजूला बोटें हालवून पाहण्यास फार तर दोन मिनिटें लागतात. शतकभराच्या परिश्रमानें मिळालेलें ज्ञान त्या दोन मिनिटांत सांठविलेलें आहे.