पहिली, पाचवी, आठवी : नेरूळच्या इंग्रजी वर्गांची पूर्वपीठिका

नेरूळमधील खासगी इंग्रजी वर्गांत वयाप्रमाणे बॅच पडतात : दुपारी लहान मुलांची, संध्याकाळी कॉलेजच्या विद्यार्थ्यांची, रात्री कामावरून परतलेल्या प्रौढांची. ही विभागणी आज सोयीची वाटते, पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे. शाळेत इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवायचे, हा निर्णय महाराष्ट्रात वारंवार बदलला. प्रत्येक बदलाच्या वेळी एखादी पिढी मागे राहिली आणि पुढे स्वतःच्या खिशातून फी भरून खासगी वर्गात येऊन बसली.

इंग्रजी अमलात मराठी चार इयत्ता संपल्या की मूल ‘इंग्रजी पहिली’त जाई आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. भाषेशी पहिली ओळख दहा-अकराव्या वर्षी होई, तीही भाषांतरातून. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान् पिढ्या याच कामासाठी वापरली गेली. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा आणि नियम मराठीतून समजून घ्या, अशी तिची रीत होती. या रीतीने व्याकरण पक्के होई, वाचन होई, अर्ज-पत्रे लिहिता येत. बोलणे मात्र कच्चे राही. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले पी. सी. रेन यांनी मातृभाषेचा आधार न घेता थेट इंग्रजीतून शिकवण्याचा पुरस्कार केला होता. मार्टिन यांच्यासह त्यांनी 1930च्या दशकात तयार केलेले व्याकरण मात्र नियम आणि स्वाध्याय यांसाठीच घरोघर पोहोचले. आजच्या खासगी वर्गातही ‘रेन अँड मार्टिन’ टेबलावर असते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई राज्याने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढले आणि ते आठवीपासून ठेवले. मातृभाषेतून शिक्षण हा त्यामागचा हेतू चांगला होता. पण 6 जानेवारी 1954 रोजी सरकारने एक परिपत्रक काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे दरवाजे अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई कुटुंबांपुरते मर्यादित केले, तेव्हा देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालकांनी न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी 26 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन रद्द ठरवले. निकाल घटनेला धरून होता, पण त्यानंतर जे चित्र उरले ते विषम होते. ज्यांना परवडत होते त्यांची मुले पहिलीपासून इंग्रजीत आणि बाकीची तेराव्या वर्षी ‘ए, बी, सी’ गिरवणारी. पुढे मराठी शाळांत इंग्रजी पाचवीवर आले, तरी ही दरी बुजली नाही.

याच काळात नेरूळ बदलत होते. नेरूळ, शिरवणे, सारसोळे, कुकशेत, दारावे, करावे ही आगरी-कोळी गावे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारी. 1970 मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई हे नवे शहर आखले गेले. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला, 1992 मध्ये लोकल वाशीला आणि पुढच्या वर्षी नेरूळला पोहोचली. त्याआधीच, 1984 च्या जानेवारीत, शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-जासई भागात संपादित जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात ठार झाले होते. त्या लढ्यातून, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मोबदला म्हणून देण्याची योजना पुढे आली. नोकरीचा प्रश्न मात्र भूखंडाने सुटत नाही. ज्या शेतावर कार्यालय उभे राहिले, त्याच कार्यालयात अर्ज करायला गेलेल्या गावच्या तरुणाला मुलाखत इंग्रजीत द्यावी लागे आणि त्याची शाळा मराठी होती. नेरूळच्या प्रौढ वर्गाचा विचार करताना हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण तिथे अडखळणारा माणूस बुद्धीने कमी नसतो. त्याला भाषा उशिरा आणि थोडीच मिळालेली असते.

सेक्टरांतल्या इमारतींत देशभरातून कुटुंबे आली. शिक्षणसंस्थांना भूखंड मिळाले आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या. अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि परिचारिका अभ्यासक्रमांसाठी बाहेरगावची मुले नेरूळला राहू लागली. मराठी माध्यमातून बारावी होऊन अभियांत्रिकीला आलेला विद्यार्थी हा खासगी वर्गाचा दुसरा मोठा ग्राहक ठरला. ज्यांना वर्ग परवडत नसे त्यांच्याकडे ‘रॅपिडेक्स’ हे इंग्रजी संभाषण शिकवणारे पुस्तक असे; कपिल देवच्या जाहिरातीमुळे ते घराघरांत माहीत झाले होते.

नवी मुंबईची एक खास गरज जहाजांनी निर्माण केली. बेलापूर-नेरूळ पट्ट्यात व्यापारी जहाजांवरील नोकरीचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार 1978 चा; तो 1995 मध्ये कडक करण्यात आला. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजावर वापरायची ठरीव इंग्रजी वाक्ये स्वीकारली. सुकाणूवाल्याला ‘पोर्ट फाइव्ह’ (सुकाणू डावीकडे पाच अंश) असा हुकूम मिळाला की तो तेच शब्द मोठ्याने परत म्हणतो आणि मगच सुकाणू वळवतो. इथे अलंकारिक भाषेला थारा नाही. मोजके शब्द, एकच अर्थ आणि स्पष्ट उच्चार एवढेच लागते. पाठमालेच्या भाषांतराहून हे शिक्षण अगदी वेगळे, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलांना ते भराभर येते.

लहान मुलांच्या वर्गाची अडचण निराळी. देवनागरीत अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार. क, म, ल ओळीने म्हटले की ‘कमल’ झाले. इंग्रजीत ‘सी’, ‘ए’, ‘टी’ ही नावे कितीही वेळा म्हटली तरी ‘कॅट’ होत नाही. ‘फोनिक्स’ पद्धत अक्षराच्या नावाऐवजी त्याचा ध्वनी आधी शिकवते, म्हणून बाराखडी आलेल्या मुलाला ती ओळखीची वाटते. चांगला शिक्षक या ओळखीचा उपयोग करून घेतो.

प्रौढांच्या चुका मराठीच्या वाटेने येतात. मराठीत ‘मला भाऊ आहे’, ‘माझ्याकडे पैसे आहेत’, ‘माझ्यात धमक आहे’ अशा तीन वेगळ्या रचना. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘हॅव’ चालते. ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ यांतला फरक मराठी लेखनात ‘व्ह’ आणि ‘व’ असा आधीच दाखवलेला असतो, तोच फरक तोंडात आणायचा असतो. अशा ठिकाणी मराठीतून दोन वाक्ये समजावली तर तासाभराचा सराव वाचतो. मराठी बोलल्यास दंड करणारे वर्ग हे साधन उगाच गमावतात.

लहान वयातच भाषा येते, या समजुतीवर पालकांची धाव चालते. पण 1978 मध्ये नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुरुवातीच्या महिन्यांत 12 ते 15 वर्षांची मुले सर्वांत पुढे होती आणि तीन ते पाच वर्षांची सर्वांत मागे.

2000 मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्याच दशकात महापे-ऐरोली पट्ट्यात संगणक कंपन्या आणि कॉल सेंटरे वाढली आणि नोकरीसाठी बोलण्याला मोल आले. परदेशी जाणाऱ्या परिचारिका आणि विद्यार्थी 1989 पासून चालू असलेल्या ‘आयईएलटीएस’ या इंग्रजीच्या परीक्षेसाठी येऊ लागले. युरोपीय परिषदेने 2001 मध्ये भाषाज्ञानाच्या सहा पातळ्या ठरवून दिल्यावर वयाऐवजी पातळीप्रमाणे बॅच पाडणेही शक्य झाले. अशा बॅचमध्ये एकोणीस वर्षांचा विद्यार्थी आणि पंचेचाळीस वर्षांची गृहिणी एका बाकावर बसू शकतात.

पहिलीपासून इंग्रजी शिकलेली ती पहिली तुकडी मार्च 2010 मध्ये दहावीच्या परीक्षेला बसली. दहा वर्षे इंग्रजी होते, पण गुण मुख्यतः लेखी उत्तरांना मिळत. त्या तुकडीतली मुले आता तिशीत आहेत आणि इंग्रजीत बोलण्याचा सराव करण्यासाठी त्यांतले काही आज रात्रीच्या बॅचमध्ये येतात.